दाणे भरतानाचं ऊन

२०२२च्या मार्च महिन्यात पंजाब-हरियाणातला गहू दिसायला उत्तम होता. ओंब्या बाहेर पडलेल्या, रान हिरवं, पाण्याची ददात नाही. केंद्र सरकारने त्या हंगामासाठी ११ कोटी टनांहून अधिक गव्हाचा अंदाज जाहीर केला होता. मग ऊन तापलं. देशातल्या तापमानाच्या नोंदी १९०१पासून सलग उपलब्ध आहेत आणि त्या सगळ्या नोंदींत तो मार्च सर्वांत उष्ण ठरला. पीक जळालं नाही, आडवं झालं नाही, कीडही पडली नाही. मळणी झाली तेव्हा मात्र दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघाला. अंदाज साडेदहा कोटी टनांच्या आसपास खाली आणावा लागला. युक्रेनमधल्या युद्धामुळे जगात गव्हाची टंचाई होती आणि भारत निर्यातदार म्हणून पुढे येऊ पाहत होता. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यातच बंद केली.

पाच-सहा टक्के वजन कुठे गेलं, हा प्रश्न साधा वाटतो, पण हवामानबदल आणि धान्य यांचं नातं त्यातच दडलेलं आहे. पृथ्वीचं सरासरी तापमान एक-सव्वा अंशाने वाढलं, ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की तिची धारच गेली. आपल्या गावात सकाळ-दुपारच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक असतोच, मग एका अंशाने काय होणार, असं माणसाला वाटतं. पण वर्षाच्या सरासरीशी गव्हाला, भाताला, ज्वारीला काही देणंघेणं नसतं. त्यांच्या आयुष्यात मोजके नाजूक दिवस असतात. फुलोऱ्याचे आठ-दहा आणि दाणे भरण्याचे महिनाभर. हवामानबदल पिकाला गाठतो तो त्या दिवसांत.

पिकाला कॅलेंडर कळत नाही. ते रोज मिळालेल्या उष्णतेची बेरीज करत जातं. उगवणीपासून फुटवे, कांडी, पोटरी, ओंबी, फुलोरा अशी प्रत्येक पायरी गाठायला वाणानुसार ठरावीक उष्णता साठावी लागते. शास्त्रज्ञ ती अंश-दिवसांत मोजतात. दिवस उबदार असले की बेरीज लवकर पूर्ण होते आणि पीक भराभर पुढच्या अवस्थेत जातं. शेतकऱ्याच्या नजरेला ते 'यंदा लवकर आलं' असं दिसतं. प्रत्यक्षात त्याचं आयुष्य आखूड झालेलं असतं. फुटवे कमी, पानं कमी, आणि सूर्यप्रकाश गोळा करायला मिळालेले दिवसही कमी.

खरी हानी पुढे होते. फुलोरा झाल्यावर ओंबीलगतचं शेवटचं पान साखर तयार करतं आणि ती दाण्याकडे पाठवतं. दाण्यात एन्झाइमांच्या साहाय्याने त्या साखरेचं स्टार्च होतं. हेच एन्झाइम उन्हाला हळवे. गव्हाच्या दाण्याला भरताना १५ ते २० अंशांची हवा मानवते. त्याच्या वर प्रत्येक अंशामागे दाण्याचं वजन ढोबळमानाने ३ ते ४ टक्क्यांनी घटतं. पारा ३४ अंशांच्या वर गेला की आणखी एक संकट येतं. पान वेळेआधीच पिवळं पडतं. गंगेच्या खोऱ्यातल्या गव्हाची उपग्रहाने टिपलेली नऊ वर्षांची छायाचित्रं तपासून २०१२ साली संशोधकांनी हे दाखवलं होतं. साखर बनवणारं पान म्हातारं झालं आणि साखर साठवणारा दाणाही थंडावला, तर पोतं हलकंच भरणार. २०२२मध्ये नेमकं तेच झालं. पुढच्या वर्षी देशाने १९०१नंतरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी पाहिला, आणि गव्हाच्या पट्ट्यात पुन्हा धाकधूक सुरू झाली.

महाराष्ट्रात गहू मुळातच आपल्या सोयीच्या सीमेवर जगतो. आपली थंडी आखूड. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला गहू संशोधन केंद्र आहे आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्याही बहुतेकदा निफाडच्याच असतात. हा योगायोग मानू नये. गव्हाला जिथे गारवा आहे, तिथेच त्याचं केंद्र. निफाडच्या त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती या वाणांनी राज्यातला गहू बराच सांभाळला. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पण रान रिकामं झालं तर ना! परतीचा पाऊस लांबला की सोयाबीन उशिरा निघतं, कपाशी उभीच असते, ऊस कारखान्याला गेलेला नसतो. पेरणी डिसेंबरवर जाते. नोव्हेंबरात पेरलेला गहू जानेवारीच्या गारव्यात फुलतो, डिसेंबरात पेरलेल्याचे दाणे फेब्रुवारीअखेरच्या आणि मार्चच्या उन्हात भरतात. उशिरा पेरणीसाठी एनआयएडब्ल्यू ३४सारखे वाण आहेत. पण वाण नुकसान कमी करतो, थंडी परत आणून देत नाही.

फुलोऱ्याचं गणित तर आणखी काटेकोर आहे. भाताचं फूल सकाळी उमलतं, तास-दीड तास उघडं राहतं आणि मिटतं. त्या वेळात परागकण पडला, रुजला, तर दाणा धरतो. त्या तासाभरात हवा ३५ अंशांच्या पुढे असेल तर पराग सुकतो, परागकोश नीट फुटत नाहीत. लोंबी बाहेरून ठीक दिसते, हातात घेतली की पोकळ लागते. कोकणात त्याला पळिंज म्हणतात. शेतकऱ्याने नांगरट, चिखलणी, लावणी, खत सगळं केलेलं असतं आणि एका उष्ण सकाळी पिकाचा हिशेब बदलतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणि जपानी शास्त्रज्ञांनी यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. भाताच्या एका जंगली भाऊबंदाची फुलं भल्या पहाटे उमलतात. त्याचा तो गुण त्यांनी लागवडीच्या भातात आणला. उन्हाशी झुंजण्याऐवजी ऊन चढण्याआधीच काम उरकायचं.

रात्रीबद्दल आपण कमी बोलतो. 'आज ४२ अंश' ही बातमी होते, 'रात्री २६च्या खाली उतरलं नाही' ही क्वचित होते. पिकाच्या दृष्टीने दुसरी बातमी मोठी आहे. दिवसा झाड अन्न बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातलं काही खर्च करतं. रात्र गरम असली की खर्च वाढतो, कमाई मात्र दिवसाचीच राहते. फिलिपिन्समधल्याच त्या संस्थेने लॉस बान्योस येथे १९९२ ते २००३ या काळात आपल्या शेतांवरच्या भाताचं उत्पन्न हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशाने वाढलं, तर उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटत होतं. खत, पाणी, देखभाल सगळं नमुनेदार असलेल्या शेतांवरचा हा आकडा आहे. तिथल्या रात्री १९७९पासून २००३पर्यंत एक अंशाहून जास्त तापल्या होत्या. घराच्या भिंती रात्रभर तापलेल्या राहतात तेव्हा आपल्याला झोप लागत नाही, एवढं आपल्या लक्षात येतं. शेतातल्या लोंबीलाही त्या रात्रीची किंमत मोजावी लागते.

सगळं जग एकत्र धरून केलेला हिशेबही उपलब्ध आहे. २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकत्र ठेवले. पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंशाने वाढलं तर मक्याचं जागतिक उत्पन्न ७.४ टक्के, गव्हाचं ६ टक्के आणि भाताचं ३.२ टक्के घटेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाण बदलले नाहीत, पेरणीच्या तारखा बदलल्या नाहीत, कार्बन डायऑक्साइडचा फायदा धरला नाही, तर. या 'तर'मध्ये पुष्कळ काही आहे आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मुद्द्याकडे नीट पाहायला हवं, कारण तो अनेकदा समाधान म्हणून पुढे केला जातो.

झाडाचं अन्नच कार्बन डायऑक्साइड, मग तो वाढला तर पीक वाढेल, असा तो युक्तिवाद. उद्योगयुगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, आता ४२०च्या वर आहेत. गहू आणि भात यांच्या पानात हा वायू पकडणारं एन्झाइम बऱ्याचदा चुकून ऑक्सिजन पकडतं आणि झाडाची मेहनत वाया जाते. ऊन वाढलं की ही चूक वाढते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ती कमी होते. म्हणजे गव्हा-भाताला वाढत्या वायूचा काही लाभ मिळतो, हे खरं. पण फुलोऱ्यातल्या पराग मरण्यावर किंवा स्टार्चच्या एन्झाइमवर त्याचा काही उपाय चालत नाही. शिवाय दाण्याचा कस उतरतो. येत्या काही दशकांत अपेक्षित असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ५५० भागांच्या हवेत, उघड्या शेतावर वाढवलेल्या पिकांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के, प्रथिनं ६ टक्के कमी भरली. भातातली प्रथिनंही सात-आठ टक्क्यांनी उतरली. ज्या घरात दोन वेळा भात किंवा पोळी हेच मुख्य अन्न आहे, डाळ आणि दूध जेमतेम, त्या घरातल्या बाईच्या आणि लेकराच्या रक्तात हा फरक उतरतो. पोट भरलेलं असतं, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

ज्वारी, बाजरी आणि मका यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एका कप्प्यात गोळा होतो आणि दाट करून मग दुसऱ्या कप्प्यातल्या त्या एन्झाइमपर्यंत पोचतो. त्यामुळे ऑक्सिजन पकडण्याची चूक जवळजवळ होत नाही. पानावरची रंध्रं फार उघडावी लागत नाहीत, म्हणून पाणी कमी उडतं. ही उष्ण प्रदेशातली व्यवस्था आहे. आणि त्या २०१४च्या तपासणीत ज्वारीचा कस गव्हा-भातासारखा उतरला नव्हता. म्हणून महाराष्ट्रात या विषयावर बोलताना ज्वारीपाशी थांबलंच पाहिजे, त्यातही शाळूपाशी, म्हणजे रब्बीच्या ज्वारीपाशी.

रब्बीची ज्वारी हे जगात फार थोड्या ठिकाणी जमलेलं तंत्र आहे. पावसाळा संपताना पेरायची आणि पुढे पाऊस नसताना, बहुतेक ठिकाणी पाणी न देता, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर चार महिन्यांचं पीक काढायचं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला वापरता येईल अशी दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल राहते. शाळूची सारी भिस्त त्या साठ्यावर. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्याने ते तंत्र पिढ्यान्‌पिढ्या घडवलं. मोहोळच्या शेतावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण गेल्या शतकातल्या तीसच्या दशकातला, आणि आजही शेतकरी त्याची भाकरी आणि त्याचा कडबा दोन्ही मागतात. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. रानात चौकोनी वाफे करून सप्टेंबरचा पाऊस जागीच जिरवायचा, वेळेवर पेरायचं, विरळ ठेवायचं, आणि जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळप्याने त्या बुजवून ओल उडू द्यायची नाही, या शिफारशींचा गाभा अजून बदललेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या सगळ्या परंपरेला मिळालं असं मी मानतो.

या पिकाची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात बसवावी लागते, आणि हवामानबदल नेमका या महिन्यावर येऊन आदळतो आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून मान्सून परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून निरोप घेण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर आली. परतीचा पाऊस लांबला तर ओल जास्त मिळेल, असं वरवर वाटतं. पण भारी काळ्या रानात चिखल असेल तर तिफण घालता येत नाही, वाफसा येईपर्यंत थांबावंच लागतं. त्यात दहा-पंधरा दिवस गेले तर शाळूचे दाणे भरण्याचे दिवस फेब्रुवारीच्या उन्हाकडे सरकतात. २०१९च्या ऑक्टोबरातल्या पावसाने खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी दोन्ही एकदम अडवली होती. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूरच्या नदीकाठांवर पुराने कितीतरी रानं खरडून नेली. ज्या मातीत ओल साठायची, ती मातीच गेली.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धबाधबा पडतो. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हाच ७ टक्क्यांचा नियम पाऊस नसतानाही काम करतो. तापलेली कोरडी हवा पानांतून आणि जमिनीतून अधिक पाणी ओढते. म्हणजे शाळूच्या शेताला ओल भरताना धसमुसळा पाऊस आणि ती वापरताना तहानलेली हवा, दोन्हीकडून तोटा. दोनशे मिलिमीटरची ठेव जानेवारीअखेरपर्यंत पुरायची, ती पंधरा दिवस आधी संपते. दाणे भरत असतानाच जमीन कोरडी आणि गरम झाली की खडखड्या हा बुरशीचा रोग येतो. ही बुरशी जमिनीत असतेच, ताणात सापडलेल्या ताटात ती बुंध्यातून शिरते, आतला गाभा काळा करते आणि भरत आलेलं कणीस घेऊन ताट लोळतं. दाणा गेला आणि कडबाही बुरसटला, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं अन्न एकदमच गेलं.

यावर ज्वारी पैदासकारांनी धरलेला गुण आहे हिरवेपणा टिकवण्याचा. काही वाणांची पानं पाण्याचा ताण पडला तरी शेवटपर्यंत हिरवी राहतात, साखर बनवत राहतात आणि खडखड्याला सहज बळी पडत नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले रेवती. हा विचार मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका तालुक्यात एकच वाण चालेल असं धरून चालत नाही. जमिनीत किती दिवसांची ओल मावते, त्यावर पिकाचं आयुष्य ठरवायचं.

इतकं असूनही देशातलं ज्वारीचं क्षेत्र साठच्या दशकात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या वर होतं, ते आता ५० लाख हेक्टरांच्याही खाली आलं आहे. हे हवामानाने केलेलं नाही. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला. ज्वारी उपटायला, कणसं खुडायला, पेंढ्या बांधायला मजूर मिळेना. पाणी आलं तिथे ऊस आला, पाणी नाही तिथे सोयाबीन आणि हरभरा. खरिपाची ज्वारी तर काढणीच्या वेळच्या पावसाने काळी पडते आणि तिला बाजारात कुणी विचारत नाही. शेतकऱ्याने पैशाचा हिशेब केला, त्यात त्याचा दोष शोधणं अन्याय आहे. पण एक समाज म्हणून आपण उलट दिशेला चाललो आहोत, हे मला स्पष्ट दिसतं. वाढत्या उन्हात जे पीक उभं राहू शकतं, त्याची जमीन आपण घालवतो आहोत आणि मार्चच्या उन्हाला भिणारा गहू रोजचा करतो आहोत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात ज्वारीची बिस्किटं आली. शेतकऱ्याला हवं होतं ते काढणीचं छोटं यंत्र आणि हमीभावाने खात्रीची खरेदी.

कोकण-गोव्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो समुद्राचा आहे. पाणी चढतं आहे, भरतीचं खारं पाणी बांध फोडून भातात शिरतं आहे. खारजमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने पनवेल १, २, ३ हे वाण दिले, गोव्याच्या खाजन जमिनीत कोरगुट हा भात शतकानुशतकं खारेपणा सोसत आला. पण तिथे वाणाइतकाच बांध महत्त्वाचा. उघाड्या आणि मानशी या बांधातल्या पाण्याच्या दारांची देखभाल गावाने एकत्र करायची, ती व्यवस्था ढासळली की कोणताही वाण पुरा पडत नाही.

गव्हाच्या बाबतीत उत्तरेत आता पेरणीच आधी करण्याचा प्रयत्न चालू आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेने एचडी ३३८५सारखे वाण काढले, जे ऑक्टोबरअखेरीस पेरले तरी लवकर ओंबी टाकत नाहीत. त्यांना फुलण्याआधी थोडी थंडी सोसावी लागते, म्हणून ते ऑक्टोबरच्या उबेला फसत नाहीत, अंगाने भरतात, आणि दाणे मार्चचं ऊन येण्याआधी भरून घेतात. महाराष्ट्रात ही वाट तशीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढी थंडीच नाही. आपल्याला उपाय इथलाच शोधावा लागेल, आणि त्याचा मोठा भाग माहितीचा आहे.

राज्यात २०१७पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, सुमारे २ हजार. तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा यांची नोंद तिथे होत राहते. तिचा मुख्य उपयोग आज पीकविम्याच्या दाव्यासाठी, म्हणजे नुकसान झाल्यानंतर होतो. त्याच नोंदींवरून अंश-दिवसांची बेरीज करून प्रत्येक मंडळातल्या शेतकऱ्याला पेरणीआधी सांगता येईल, की तुमच्या रानात हा वाण आज पेरलात तर अमुक आठवड्यात फुलोऱ्यावर येईल, त्या आठवड्यात गेल्या दहा वर्षांत इतकं ऊन पडलं आहे. दहा दिवस थांबणार असाल तर गहू सोडा आणि हरभरा घ्या. दाणे भरताना ऊन चढणार असेल तर चार दिवस आधी हलकं पाणी द्यायचा निरोपही त्याच मोबाइलवर जाऊ शकतो, कारण ओल्या रानातलं पीक बाष्प सोडून स्वतःभोवतीची हवा दोन-तीन अंशांनी थंड ठेवतं. कृषी विद्यापीठांकडे वाणांच्या अवस्थांची माहिती आहे, हवामान विभागाकडे अंदाज आहे, मंडळात केंद्र आहे. हे तीन धागे एकत्र बांधून येत्या सप्टेंबरात, तिफण रानात जाण्याआधी, तो निरोप सोलापूर-बीडच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणं आजच्या साधनांनी शक्य आहे.